काळ्या खिडकीतली ठेव

माझ्या लेकीनं पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा मला सोबत नेलं नाही. बिल्डरनं सांगितलेली किंमत दोघा नवराबायकोंनी मुकाट्यानं कबूल केली, गाडी ठेवायच्या जागेचे वर वेगळे पैसे दिले, आणि मग मला वास्तुशांतीचं बोलावणं आलं.

शेलूबाजारला हायवेच्या कडेला माझं ठोक भाजीचं दुकान आहे. डोक्यावर टोपली घेऊन सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकण्यापासून मी इथवर आलो, कुणाच्या वशिल्यानं नाही. ट्रॅक्टर घ्यायचा असो, बैलजोडी घ्यायची असो की लग्नाचा मंडप ठरवायचा असो, मंगरूळपासून कारंजापर्यंतची माणसं मला जीपमध्ये बसवून सोबत नेतात. मी समोर बसलो की विकणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. आणि पोटच्या पोरीनं आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा माझ्याशिवाय केला. वास्तुशांतीला मी गेलो, जेवलो, स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटानं वाजवून पाहिलं आणि काही बोललो नाही. मी काही बोलत नाही तेव्हा काय समजायचं हे माझ्या बायकोला कळतं. बाकी कुणाला कळलं नसावं.

त्यानंतरच्या दिवाळीला लेक एकटीच आली. जावयाला सुट्टी मिळाली नाही म्हणाली. भाऊबीज झाली, पाहुणे पांगले, तेव्हा तिनं माझ्यासमोर तिचा जुना लॅपटॉप आणून ठेवला. बिलं आणि टॅक्सचं काम मी स्वतः करतो, त्यामुळे लॅपटॉपचं मला नवल नव्हतं. पण तिनं जे उघडलं ते सगळं काळं होतं. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं आणि एक टिचकी मारल्यासारखी लुकलुकणारी रेघ.

"हे बिघडलं काय व?" मी विचारलं.

"नाही बाबा, हे असंच राह्यते. याच्यात चित्र नाही, बटन नाही. आपण लिहून सांगायचं, ते लिहून उत्तर देते."

लेक ज्यांच्यासाठी काम करते ती मंडळी पाच-सहा देशांत बसलेली आहेत. ही काळी खिडकी त्यांनीच बनवलेली, आणि तिच्यातला काही भाग माझ्या लेकीनं लिहिलेला. पगाराचा एक हिस्सा तिला रुपयांत मिळतो आणि एक हिस्सा टोकनमध्ये. टोकन म्हणजे त्या मंडळींनी काढलेलं नाणं, पण हातात धरायचं नाही. ते या खिडकीतून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवता येतं, आणि पाहिजे तेव्हा विकता येतं. एवढं मला समजलं. पुढचं समजलं असं मी म्हणणार नाही.

"माह्ये टोकन तुमच्यापाशी ठेवायचे आहेत," ती म्हणाली.

"माह्यापाशी? कायले?"

"माह्याजवळ राहत नाहीत. डोळ्यासमोर दिसले का खर्च होतात."

"जावईबापूले माहीत हाय हे?"

तिनं खाली मान घालून माझ्या नावानं एक खातं काढलं, काहीतरी टाइप केलं आणि म्हणाली, "हे पाहा, एक पाठवला. आता तुमी लिहा, बॅलन्स."

मी लिहिलं. खाली उत्तर आलं, एक. घंटी नाही, मेसेज नाही, काही नाही.

"आला म्हणजे कुठं आला?"

"आला कुठंच नाही बाबा. तो होता तिथंच हाय. फक्त आता तुमच्या सहीशिवाय हलणार नाही."

"मंग पाठवला काय तू?"

"सही पाठवली म्हणा."

मी माझ्या हिशेबानं ते जुळवून पाहिलं. शेतात उभा कांदा असतो, मी इसार देऊन तो घेतो, कांदा शेतातच राहतो आणि माझा होतो. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "जवळजवळ." मग मी विचारलं की असं आहे तर शेत कुठं आहे. ती म्हणाली, शेत सगळ्या जगभर थोडं थोडं आहे. तिथं मी हात जोडले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको आली. "अवो, लेकीचं घेऊन राह्यले काय तुमी?"

आमच्यात लेकीच्या घरचं घेत नाहीत. आपण द्यायचं असतं. मी लगेच म्हणालो की हा एक परत पाठवतो, वर एक जास्तीचा लावून. लेक हसायला लागली. "जास्तीचा आणता कुठून? तुमच्यापाशी आहेच एक. अन् आई, हे घेणं नाही, ठेव हाय."

"सोन्यावानी?"

"सोन्यावानीच."

"मंग ठीक हाय," बायको म्हणाली. लेकीनं दिलेला बारा इंग्रजी शब्दांचा एक कागद, खातं हरवलं तर परत मिळवायचा, तिनं घडी करून तिच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवला. त्या पेटीला मी हात लावत नाही.

लॅपटॉप माझ्याकडेच ठेवून लेक परत गेली आणि दर महिन्याला थोडे थोडे टोकन येत राहिले. सकाळी मालाचा हर्रास, म्हणजे लिलाव, आटोपला की मी दुकानात मागं बसून काळी खिडकी उघडायचो आणि बॅलन्स लिहायचो. आकडा वाढलेला दिसला की बरं वाटायचं. का बरं वाटायचं ते सांगता येणार नाही. त्या आकड्याचं मला काही करता येत नव्हतं, आणि तो वाढण्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. पण फ्लॅटच्या वेळी ज्या माणसाला विचारलं नाही त्याच्याकडे ठेव ठेवायला आली, एवढं मी मनात धरून होतो. मशीन बंद केलं तर टोकन कुठं असतात, मशीन चोरीला गेलं तर कुणाचे, लेकीनं मागितले आणि मला पाठवता आले नाहीत तर त्यांचं काय, असे प्रश्न मला पडत. पहिले दोन मी तिला विचारले. तिसरा विचारला नाही. विचारला असता तर तिला वाटलं असतं बाबांना जमणार नाही.

मग एका बाजारच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. दुकानात वांग्याचे कॅरेट उतरत होते आणि ट्रकवाला भाड्यावरून माझ्याशी भांडत होता.

"बाबा, सगळे टोकन आज परत पाठवा. सहाच्या आत."

"काहून? काय झालं?"

"जुने बंद होऊन राह्यले. नवे निघाले. बदलून घ्यायची तारीख पुढच्या महिन्यात होती, ती त्यांनी एकाएकी आजची केली. माह्याच खात्यातून बदलून भेटतात, तिथं माही नोंद हाय. सहानंतर जुन्याले काही किंमत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. मी आता मीटिंगमध्ये चालली, फोन बंद राहीन. आधी एक पाठवून पाहा, मंग बाकीचे. ते जे विचारीन त्याले हो म्हणा. अन् बाबा, भाव नोका करू."

ते शेवटचं तिनं म्हणायला नको होतं.

ट्रकवाल्याला मी त्याच्या मनाप्रमाणे भाडं देऊन घालवलं, यावरून माझी काय अवस्था होती ते समजावं. मागं बसलो, खिडकी उघडली, पासवर्ड टाकला. पाठवायची आज्ञा लिहिली, तिच्या खात्याचा तो अक्षरांचा आणि आकड्यांचा लांबलचक पत्ता टाकला, तोंडानं मोठ्यानं वाचत पहिल्यापासून शेवटपर्यंत ताडून पाहिला. पोत्याच्या वरचे चार टमाटे पाहून मी कधी माल घेतला नाही. मग आकडा लिहिला, एक.

खिडकीनं विचारलं: सध्याची फी इतकी इतकी आहे. मान्य आहे, की तुम्ही स्वतः लिहिता?

आता, हमाली मला समजते, ती हमालाला जाते. तोलाई मोजणाऱ्याला जाते. अडत अडत्याला. ही फी भरायला लेकीनं खात्यात वेगळी रक्कम टाकून ठेवली होती, आणि फी कुणाला जाते हे मी तिला दिवाळीतच विचारलं होतं. ती म्हणाली होती की जगभर लोक बसलेले आहेत, ते या पाठवण्या नोंदवतात आणि फी घेतात. ज्याची फी जास्त त्याचं आधी, ज्याची कमी त्याचं नंतर. ते लोक कोण, त्यांचं नाव काय, गाव काय, कुणालाच माहीत नाही. आणि अशा माणसांनी सांगितलेली फी जशीच्या तशी द्यायची? वर तेच विचारतात, की स्वतः लिहिता का? जिथं भाव चालत नाही तिथं कुणी असं विचारत नाही. दवाखान्याच्या खिडकीवर विचारतात का, की केसपेपरचे तुम्ही किती देता?

माझी पद्धत ठरलेली आहे. पहिला आकडा सांगितल्याच्या तिसरा हिस्सा. मग सौदा अर्ध्याच्या थोडं वर पटतो. मी तिसरा हिस्सा लिहिला आणि 'वाय', म्हणजे हो, दाबला. उत्तर आलं: पाठवलं. नोंद व्हायची आहे.

मग मी जे नेहमी करतो ते केलं. भाव सांगितल्यावर समोर बसून राहायचं नाही. गाडीची चावी उचलायची, चपला घालायच्या, मागं न पाहता रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या हॉटेलात चहा मागवायचा. कपात चहा पडायच्या आत मागून हाक येते. आजवर आली नाही असं फार थोड्या वेळा झालं आहे. मी चहा पूर्ण पिऊन परत आलो. खिडकीत तेच होतं. नोंद व्हायची आहे.

मी म्हटलं, बरं. गडी पक्का दिसतो.

तेवढ्यात पोहरादेवीकडचा एक जण आला. तिथं यात्रेची गर्दी होती आणि त्याच्याकडे जेवणावळीच्या भाजीचं काम होतं. त्यानं वांग्याचे आणि फुलकोबीचे कॅरेट पाहिले, भाव विचारला, माझ्या भावाच्या निम्मा भाव सांगितला आणि रस्त्याकडे निघाला. हॉटेलकडे. माझंच काम माझ्यावर. एरवी मी त्याला पाठमोरा पाहत मजेत बसलो असतो. त्या दिवशी माझा एक डोळा खिडकीकडे होता आणि तो पायरी उतरायच्या आत मी ओरडलो, "ओ भाऊ, या! घेऊन जा, तुमच्या भावानं घेऊन जा!"

तो परत आला, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "भाऊ, वांगे किडके तं नाहीत?"

"किडके कायले असतीन?"

"मंग इतक्या लवकर काहून हो म्हणता?"

त्यानं प्रत्येक कॅरेटातलं एक वांगं फोडून पाहिलं. मला त्याच्यावर चिडताही येईना, त्याच्या जागी मी दोन फोडली असती.

तो गेला आणि मी पुन्हा खिडकीत पाहिलं. नोंद व्हायची आहे. आता ऊन दुकानाच्या पायरीवरून खाली उतरलं होतं. मी ठरवलं, एक टोकन गेला तर गेला, बाकीचे तरी पाठवावे. बाकीच्या सगळ्यांची आज्ञा लिहिली, फी विचारल्यावर दातओठ खात पूर्ण मान्य केली, एक पैसा कमी केला नाही, आणि 'वाय' दाबला.

पाठवलं. नोंद व्हायची आहे.

आता मात्र माझं डोकं फिरलं. कमी दिली तर थांबवता, समजू शकतो. पूर्ण दिली तरी थांबवता? मी बॅलन्स लिहिलं. आकडा सकाळी होता तोच. म्हणजे गेले नाहीत. पण वर तर लिहिलं होतं की पाठवले. गेलेही नव्हते आणि राहिलेही नव्हते. एखादा माणूस घरातून निघालेला असावा, पोचलेला नसावा, आणि त्याची चप्पल मात्र दारातच असावी, तसं काहीतरी. मी टेबलावर हात आपटला. कॅरेट रचणारे दोघे हमाल हातातलं काम टाकून माझ्याकडे पाहायला लागले. त्यांच्यावर ओरडायला काही कारण नव्हतं. तरी ओरडलो.

लेकीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

हे समजणारा माझ्या ओळखीत आणखी एकच माणूस होता, जावई. तोही त्याच धंद्यातला. पण त्याला फोन कसा लावू? लेकीनं ठेव माझ्याकडे ठेवली ती नवऱ्याला सांगून की न सांगता, हे मला अजून माहीत नव्हतं. विचारलं तेव्हा तिनं मान खाली घातली होती. न सांगता ठेवली असेल आणि मीच बोलून गेलो, तर? आणि बोललो नाही आणि सहा वाजले, तर? टोकन बुडाले तर तिचं नुकसान होईल हे एक. पण ती पुन्हा कधी माझ्याकडे काही ठेवायला येणार नाही, हे मला जास्त लागत होतं. फ्लॅटचं बरोबरच केलं आपण, असं तिला वाटेल. तोंडानं म्हणणार नाही. वाटेल.

मी फोन लावला.

"जावईबापू, जेवण झालं काय?"

"हो बाबा, दुपारीच झालं. का हो?"

"सहज. एक विचाराचं होतं. इथं माह्या ओळखीचा एक माणूस हाय."

"बरं."

"भाजीवालाच हाय. त्यानं ते काळ्या खिडकीतून कोणाले तरी काहीतरी पाठवलं."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "काय पाठवलं?"

"ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं बी नाही. दुसऱ्याच्या घरातलं आपण कायले विचारा?"

"बरोबर आहे."

"तं ते अडकलं."

"फी किती दिली त्यांनी?"

"तिसरा हिस्सा."

पलीकडे खोकल्यासारखा आवाज आला. खोकला होता की हसू होतं, मला सांगता येणार नाही. मग त्यानं विचारलं, "आणि नंतर अजून एक पाठवलं असेल त्यांनी, पूर्ण फी देऊन?"

"तुमाले कसं समजलं?"

"सगळे तेच करतात. असं आहे बाबा, एका खात्यातून जे निघतं त्याला नंबर लागतो. पहिला गेल्याशिवाय दुसरा जात नाही. दुसऱ्याला कितीही फी द्या."

हे मला लगेच समजलं. मार्केटच्या गेटात पुढची बैलगाडी अडली की मागच्या ट्रकनं कितीही हॉर्न वाजवला तरी उपयोग नसतो. त्या दिवसातली एवढी एकच गोष्ट मला पहिल्या झटक्यात समजली आणि मला जरा धीर आला.

"मंग ते पयली गाडी मागं कशी घ्यायची?"

"मागं घेता येत नाही. तेच पुन्हा पाठवायचं, त्याच नंबरानं, जास्त फी लिहून. मग ते आधीचं आपोआप रद्द होतं."

"फी वाढवायची कोणी?"

"त्यांनीच."

"म्हणजे समोरच्यानं तोंडातून शब्द काढला नाही, दुसरा कोणी बोली लावून नाही राह्यला, अन् आपणच आपल्यावर चढायचं?"

"हो."

"असा कुठं सौदा राह्यते काय, जावईबापू?"

"सौदा नाहीच आहे तो बाबा. तिथं समोर कोणी बसलेलं नाही."

"कोणी नाही तं फी कोण घेते?"

"घेणारे आहेत. पण ते तुमच्या... त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत नाहीत. ढिगातलं वरचं वरचं उचलतात. खालचं पडून राहतं."

"कुठपर्यंत?"

"कुठपर्यंतही."

मी कपाळावरचा घाम पुसला. तो पुढं म्हणाला, "त्यांना म्हणावं, आता घासाघीस नको. चालू फी पूर्ण लिहा, वर थोडी जास्तच लिहा. हातात वेळ कमी असेल तर."

"वेळ कमी हाय हे तुमाले कोणी सांगितलं?"

"नाही, म्हणजे असेल तर म्हणालो."

तिथं खरं म्हणजे मी फोन ठेवायला पाहिजे होता. पण 'पूर्ण लिहा' हे दोन शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसले. "पूर्ण!" मी म्हणालो. "तुमाले पूर्णच देता येते. फ्लॅट घेतला तवाबी पूर्णच देऊन आले. एक माणूस इथं जिता बसला होता, त्याले विचारलं नाही."

"बाबा, ते आत्ता बोलायचं का?"

"मंग कवा बोलू? वास्तुशांतीले बोललो नाही. दिवाळीले बोललो नाही."

"मी म्हणालो होतो तुम्हाला न्यायचं म्हणून." त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "हीच नको म्हणाली."

"काहून?"

"ते तिला विचारा. आधी त्या माणसाचं काम करा, बाबा. मी सांगतो ते लिहून घ्या."

त्यानं एकेक शब्द, एकेक अक्षर सांगितलं, नंबर कुठं पाहायचा, तो आज्ञेत कुठं घालायचा, फी कुठं. जवळ कागद नव्हता. मी फुलकोबीच्या कॅरेटवर खडूनं लिहून घेतलं. एवढे दिवस मी ज्या माणसावर राग धरून बसलो होतो तो मला अक्षरं सांगत होता, आणि मी "हं, हं" म्हणत होतो. राग कुठं ठेवावा हे मला कळत नव्हतं. लेकीवर ठेवायचा तर तिचंच काम अडलेलं होतं.

फोन ठेवला. कॅरेटवरचं पाहून पाहून खिडकीत लिहिलं. नंबर टाकला. फीच्या जागी चालू फी लिहिली आणि त्यावर थोडी चढवली. स्वतःच्याच बोलीवर स्वतःच चढताना कुणी पाहत तर नाही ना, म्हणून मी एकदा मागं वळून पाहिलं. मग 'वाय' दाबला.

एक ओळ आली: नोंद झाली. आणि मी श्वास घेतो न घेतो तोच दुसरी ओळ: नोंद झाली. अडून बसलेली बाकीची सगळी मागोमाग गेली. इतकं लवकर गेलं की मला वाटलं काहीतरी चुकलं. पुन्हा पत्ता ताडून पाहिला. पत्ता तिचाच होता. बॅलन्स लिहिलं. खाली शून्य आलं.

काम झालं म्हणून बरं वाटायला पाहिजे होतं. पण इतके महिने रोज सकाळी पाहिलेला आकडा गेला होता, आणि तो तिकडं पोचला की नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सही गेली, नोंद झाली, शून्य आलं. यातली कोणती गोष्ट म्हणजे पोचणं, ते मला माहीत नव्हतं. मी दुकानात नुसता बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं त्याला हमालांनीच माल दिला.

लेकीचा फोन आला तेव्हा सहाला थोडाच वेळ राहिला होता. "आले बाबा. सगळे आले. बदलूनबी झाले."

"सगळे?"

"सगळे. पण हे एकाच पाठवणीले दोनदा काहून..." ती थांबली. "बाबा, तुमी भाव केला."

"मी कायले करू?" मी म्हणालो. आणि तिनं पुढं काही विचारायच्या आत मीच विचारलं. "फ्लॅटले मले काहून नाही नेलं व?"

"आता हे कुठून आलं?"

"सांग."

मग ती अगदी लहानपणी बोलायची तसं बोलली, थांबत थांबत. "कारण तुमी उठून गेले असते, बाबा. चावी घेऊन, चपला घालून. अन् मले तोच फ्लॅट पाह्यजे होता. खिडकीतून टेकडी दिसते तोच."

"उठून गेलो असतो तं त्यानं मागून हाक मारली असती."

"अन् नसती मारली तं?"

"मारली असती. बिल्डर हाय तो, काळी खिडकी नाही."

ती हसली. मी हसलो नाही. माझं अजूनही तेच म्हणणं आहे. त्या फ्लॅटचे निदान गाडीच्या जागेचे पैसे तरी मी सोडवले असते, आणि टेकडी कुठं पळून जात नव्हती. तोच फ्लॅट पाहिजे, दुसरा नको, असं मनात घेऊन माणूस सौद्याला बसतोच कसा, हे मला समजत नाही. पण जावयानं मला टाळलं नव्हतं, लेकीनं टाळलं होतं, आणि तेही मला सौदा जमत नाही म्हणून नाही, तर मी माझ्या पद्धतीनं वागेन म्हणून. यावर रागवायचं की नाही, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

"नवे तुमच्याचपाशी पाठवते," ती म्हणाली. "ठेवता ना?"

"पाठव," मी म्हणालो. जावयाला हे माहीत आहे की नाही, हे तेव्हा विचारायचं राहून गेलं.

दुकान बंद करायच्या आधी मी बॅलन्स लिहिलं. नवे टोकन आले होते. घरी जाऊन हात-पाय धुतले, जेवायला बसलो, तेव्हा फोनवर जावयाचा मेसेज आला. 'बाबा, तुमच्या ओळखीच्या त्या माणसाचं काम झालं का?'

मी लिहिलं, 'झालं म्हणे.'

'त्यांना विचारा, माझेही थोडे टोकन त्यांच्याकडे ठेवतील का? कुणाला बोलू नका म्हणावं.'

मी घास हातातच धरून बसलो. बायकोनं विचारलं, "कोणाचा मेसेज हाय?" मी म्हणालो, "भाजीवाल्याचा." कुणाला म्हणजे कुणाला? बायकोला? लेकीला? लेक त्याच्यापासून लपवते आहे, की तो तिच्यापासून लपवणार आहे, की दोघांना एकमेकांचं सगळं ठाऊक आहे आणि न कळणारा मी एकटाच आहे? नाही म्हणावं तर जावयाला नाही कसं म्हणायचं. हो म्हणावं तर दोघांची ठेव एकाच्या घरात, आणि तोंड एकाच्याही समोर उघडायचं नाही. मी पुष्कळ विचार केला. मग जेवण झाल्यावर अंगणात जाऊन लिहिलं.

'तो माणूस ठेवीन म्हणते. पण त्याची एक अट आहे. पुढं मोठं काही विकत घ्यायचं असन तं त्याले सोबत न्या लागन.'

मी फोनकडे पाहत उभा राहिलो. मग उत्तर आलं.

'विचारून सांगतो.'

कुणाला विचारून, असं मी लगेच लिहून पाठवलं. त्याचं उत्तर त्यानं अजून दिलेलं नाही.